बाटलीतली चूळ



मागण्या, मोर्चे आणि वाटाघाटी यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याने या व्यासपीठावरून दातांच्या आणि तोंडाच्या निगेविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही दंतवैद्य नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि यंत्रमागाच्या खडखडाटात. पण कामगाराने तोंड उघडावे म्हणून तीस वर्षे खटपट करणाऱ्याने, ते तोंड आतून कसे आहे हेही कधी तरी पाहायला हवे. आम्ही ते उशिरा पाहिले. त्या उशिराची हकिगत आधी सांगतो.

आमच्या खात्यात एक सहकारी होता. रात्रपाळीत झोप येऊ नये आणि कापसाचा तूस घशात जाऊ नये म्हणून तो गालात तंबाखू धरी. तंबाखूने तूस अडतो, ही समजूत आम्हा सर्वांचीच होती. आमच्याही खिशात चंची असे. पुढे त्याच्या तोंडाला वास येऊ लागला. सभेत बोलताना तो तोंडापुढे हात धरू लागला, आणि मग बोलेनासाच झाला. कोणी तरी त्याला औषधाच्या दुकानातली माउथवॉशची बाटली सुचवली. दर महिन्याच्या पगारातून तो ती विकत घेई आणि दिवसातून चार वेळा चूळ भरी. वास दबला. "आता कसं शेजारी बसवतं!" असे आम्हीच त्याला हसत म्हणालो. त्याच्या गालाच्या आत एक जखम होती. तिच्यावरून ते औषध रोज चार वेळा फिरत होते आणि ती भरून येत नव्हती. भाकरीचा घास तोंडात जाईना, तेव्हा तो इस्पितळात गेला. कर्करोग निघाला. जबड्याचा एक भाग काढावा लागला.

त्या बाटलीने रोग केला, असे आम्ही म्हणत नाही. रोग तंबाखूने केला. बाटलीने तो आमच्यापासून आणि त्याच्यापासूनही झाकून ठेवला, आणि त्या झाकण्याचे कौतुक आम्ही केले. म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

चूळ भरणे आपल्याला नवे नाही. वाग्भटाने तिचे दोन प्रकार सांगितले आहेत. तोंड गच्च भरून द्रव न हलवता धरणे हा गंडूष, आणि आत खेळवता येईल इतकाच घेणे हा कवल. आपल्या आजीने जेवणानंतर पोरांना मोरीवर पिटाळून खळखळून चूळ भरायला लावली, ती याच परंपरेतली. बाटलीतली चूळ मात्र कारखान्यातून आली. जोसेफ लिस्टर या इंग्रज शल्यवैद्याने 1865 पासून जखमा कार्बोलिक आम्लाने जंतुरहित करण्याची रीत पाडली. त्याचे नाव घेऊन 1879 साली अमेरिकेत 'लिस्टरिन' तयार झाले. प्रथम ते शस्त्रक्रियेच्या कामासाठी होते. पण विक्री खरी वाढली ती 1920 नंतर, जेव्हा जाहिरातींनी माणसाला स्वतःच्या तोंडाच्या वासाची लाज वाटायला शिकवले. याच औषधाने सर्दी आणि घसादुखी टळते, असेही वर्षानुवर्षे सांगितले गेले. अखेर 1975 साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने हुकूम केला, की याने सर्दी टळत नाही हे कंपनीने आपल्याच जाहिरातीत सांगावे. 1977 साली न्यायालयाने तो हुकूम मुख्यतः कायम ठेवला. लाज विकून माल खपवता येतो, हे आपण ध्यानात ठेवावे.

मग बाटली फेकून द्यावी काय? नाही. तिचे काम तिला नेमून द्यावे. दातांवर जो चिकट थर बसतो तो नुसत्या चुळीने निघत नाही. तो घासूनच काढावा लागतो. म्हणून पहिले काम ब्रशचे, सकाळी आणि रात्री निजताना, फ्लोराइडच्या पेस्टने. घासल्यावर लगेच चूळ भरली तर दातांवर राहिलेले फ्लोराइड वाहून जाते. चुळीच्या औषधाला दिवसातली दुसरी वेळ द्यावी, आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. ते गिळायचे नसते. म्हणून सहा वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. क्लोरहेक्सिडिन असलेले औषध हिरड्यांच्या दुखण्यावर गुणकारी आहे, पण फार दिवस वापरले तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि जिभेची चव बदलते. ते दंतवैद्याने सांगितले तेवढेच दिवस घ्यावे. ज्याला बाटली परवडत नाही त्याने मन छोटे करू नये. जेवणानंतर साध्या पाण्याची चूळ भरली तरी अडकलेले कण आणि गोडवा बराच निघून जातो.

आमच्या विडी वळणाऱ्या भगिनी मिसरीने दात घासतात. भगिनींनो, मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिला मंजन म्हटल्याने तिचा गुण बदलत नाही. आणि 'आम्ही तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो' म्हणणाऱ्यांनीही ऐकावे: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे.

आता साध्या पाण्याची चूळ म्हटले, पण ते पाणी आहे कुठे? 1948 च्या कारखाने कायद्यात कलम 20 थुंकदाण्यांचे होते आणि कलम 42 हातपाय धुण्याच्या सोयीचे. भलतीकडे थुंकणाऱ्याला पाच रुपयांपर्यंत दंडही सांगितला होता. आम्ही पाहिलेल्या कित्येक शेडमध्ये दंडाची पाटी होती, नळ नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्या सहकाऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्या मागणीपत्रकात आम्ही एक कलम घातले: जेवणाच्या जागेजवळ दोन नळ आणि वर एक आरसा. मालक हसले. "बोनस सोडून आरसा मागता?" म्हणाले. आम्ही बोनस सोडला नाही आणि आरसाही सोडला नाही. चार बैठकांनंतर दोन्ही मिळाले.

त्या आरशाचा उपयोग सांगून थांबतो. महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात तोंड उघडून पाहावे. गाल आतून, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन-तीन आठवड्यांत भरून न येणारी जखम दिसली, तर तिच्यावर चुळी मारीत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तरीही दाखवावे. चट्टा लवकर दिसला तर जबडा वाचतो, माणूस वाचतो.

आमचा तो सहकारी आज हयात आहे. उच्चार स्पष्ट होत नाहीत, पण सभेत तो पुन्हा बोलतो, आणि तोंडापुढे हात धरीत नाही. त्याचे एक एक वाक्य समजून घ्यायला वेळ लागतो, तो वेळ आम्ही त्याला देतो. आमची चंची त्याच वर्षी सुटली. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात ती असेल त्यांनी आज घरी गेल्यावर एकदा आरशापुढे उभे राहावे, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.