तेरावे पापस्थानक



वर्गात कोणाची कंपासपेटी दिसेनाशी झाली, की पहिली शंका नव्या मुलावर जाते. आपल्या मालवण परिसरात हा नवा मुलगा कधी चिरेखाणीवर कामासाठी दुरून आलेल्या कुटुंबातील असतो. त्याची बाजू घेणारा जुना मित्र वर्गात नसतो, म्हणून शंकेलाच पुराव्याचे मोल येते.

शास्त्रकारांनी अठरा पापस्थानके सांगितली आहेत. तिसरे अदत्तादान, म्हणजे न दिलेले घेणे. तेरावे अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणे. चोरी आणि चोरीचा खोटा आळ, दोन्हींना एकाच मालिकेत स्थान आहे. हरवलेली पेटी दप्तराच्या तळाशी सापडते. गेलेला लौकिक तसा सापडत नाही.

हा दोष केवळ बालकांचा नव्हे. १८७१ साली इंग्रज सरकारने केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढे पारध्यांसह कित्येक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कागदावरून पुसला गेला. मनांतून मात्र पूर्णपणे गेलेला नाही.

बालमित्रांनो, वस्तू हरवली तर प्रथम आपले दप्तर पाहा, मग गुरुजींना सांगा. नाव कोणाचेही घेऊ नका. आळ चारचौघांत घेतला गेला असेल, तर क्षमाही चारचौघांतच मागा. त्यासाठी संवत्सरीची वाट पाहू नये. त्याच वर्गात, त्याच बाकापाशी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणे, हेच खरे प्रतिक्रमण होय.

जय जिनेंद्र.