लवूळची वानरं आणि तात्या माडगूळकर



डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या पाथरीच्या शेजारचं, माजलगाव तालुक्यातलं लवूळ एकाएकी जगभर गाजलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, माळवदावर नेत होती आणि पिल्लं दगावत होती. टीव्हीवाल्यांनी त्याचं टोळीयुद्ध करून टाकलं. पिल्लांचा आकडा अडीचशेपर्यंत चढला. पिल्लं भुकेनं किंवा उंचावरून पडून मरतात, त्यात सूड नसतो, असं जाणकार सांगत होते. पण सूड म्हटला की बातमीला रंग चढतो!

मला तेव्हा व्यंकटेश माडगूळकरांची आठवण झाली. सांगली जिल्ह्यातल्या माडगुळ्याचा १९२७ सालचा जन्म. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली, पुढं पदवी काही मिळवली नाही. १९५५ साली 'बनगरवाडी' आली आणि त्याच सुमारास ते पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात लागले. तिथं जवळजवळ तीस वर्षं काढली. दिवसभर खेड्यातल्या माणसाला कळेल अशा भाषेत बोलायचं, बोलवून घ्यायचं. त्यांच्या जंगलावरच्या लेखनात जो साधेपणा आहे तो या नोकरीतही घासला गेला असावा, असं मला वाटतं. तरुणपणी शिकार केलेला हा माणूस पुढं वही, पेन्सिल घेऊन नागझिऱ्याच्या जंगलात जाऊन राहिला. चित्रंही स्वतःच काढायचा.

'सत्तांतर' वाचा. वानरांची टोळी आहे. नवा नर जुन्याला हुसकावतो आणि तान्ही पोरं मारतो. मग माद्या लवकर माजावर येतात. असा प्रकार धारवाडजवळ १९६० च्या दशकात सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानं नोंदवला होता. माडगूळकरांनी त्यात कुणाला खलनायक केलं नाही. या पुस्तकाला १९८३ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच साली ते आपल्या अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते.

मी जिंतूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. आपल्या जिल्ह्यात जंगल नावापुरतं. कॅमेरेवाले ताडोब्याला जातात, इकडं कोण येणार? पण तुरीत रोही शिरतात, डुकरं भुईमूग उकरतात, माणसं रात्र रात्र जागलीला बसतात. पंचनामा होतो, भरपाई मिळाली तर मिळते. या जनावरांवर चिडलेला शेतकरीच त्यांच्या वाटा, वेळा, खोडी सगळ्यात जास्त जाणतो. हे त्याच्या तोंडून कुणी चित्रित केलंय, असं माझ्या पाहण्यात नाही. हातात मोबाईल असलेल्या आपल्या पोरांना हे काम सहज जमेल. फक्त महिना-दोन महिने एकाच बांधावर बसायची तयारी हवी. तेवढीच नेमकी अवघड आहे.

लवूळला शेवटी नागपूरच्या वनखात्याच्या पथकानं दोन वानरं पकडून नेली. टोळीत मागं माद्या किती, पोरं किती राहिली, नवा नर कोण आला, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं.