हात जोडलेलीं घरें

जपानांतील शिराकावा खोऱ्यांत ओगिमाची नांवाचें डोंगरी खेडें आहे. हिवाळ्यांत तेथें पुरुषभर बर्फ सांचतें. म्हणून घरांचीं गवती छपरें सुमारें ६० अंशांच्या उतारानें उभारतात. तीं नमस्कारासाठीं जोडलेल्या हातांसारखीं दिसतात. यावरून त्या बांधणीस ‘गाश्शो’ हें नांव पडलें. छपराचा सांगाडा खिळे न मारतां दोरांनीं आवळून बांधतात. माळ्यावर पूर्वीं रेशमाचे किडे पाळीत.

अशा घराची शाकारणी एका कुटुंबाच्या आवांक्याबाहेरची. सारें गांव मिळून ती करी. या रीतीस ‘युई’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांची इर्जिक तत्त्वतः हीच!

पुढें रेशमाचा धंदा बसला, खोऱ्यांतील कांहीं वस्त्या धरणाच्या पाण्याखालीं गेल्या, जुनीं घरें झपाट्यानें कमी झालीं. तेव्हां १९७१ सालीं ग्रामस्थांनीं नेम केला: घर विकावयाचें नाहीं, भाड्यानें द्यावयाचें नाहीं, मोडावयाचें नाहीं. १९९५ सालीं हें गांव जागतिक वारशांत गणलें गेलें आणि प्रवाशांची रीघ लागली.

त्या पैशानें घरें तगलीं, हें खरें. परंतु शेजाऱ्यांनीं करावयाची शाकारणी आतां पुष्कळदां मजुरी देऊन करवावी लागते. आपल्याकडेही इर्जिक विरळ झाली आहे. छपर पैशानें राखतां येतें. शेजार मात्र एकमेकांच्या छपरावर चढूनच राखावा लागतो.