वारुळावरची अळंबी आणि तिचे तोतये



पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी कोकणात व गोव्यात आवडीने खाल्ली जाते. तिचा देठ मुळासारखा खोल, वाळवीच्या घरट्यापर्यंत जातो. हिरवळीवरील एक विषारी भूछत्र तसेच पांढरे. परंतु त्याच्या देठावर कडे असते आणि टोपीखालील पाती पक्व झाल्यावर हिरवट होतात. कोवळेपणी तीही पांढरीच. फसगत होते ती तिथेच. चांदीचा चमचा काळा पडला नाही म्हणून अळंबी निर्विष ठरत नाही. यकृतघातक विष शिजवल्यानेही जात नाही. सहा तासांनंतर उलट्या-जुलाब सुरू झाल्यास ते थांबल्यावरही रुग्णास घरी ठेवू नये. यकृत त्यानंतरच निकामी होऊ लागते. उरलेली अळंबी, शिजवलेली असली तरी, रुग्णासोबत आणावी.