रंगमंचावरील मायक्रोफोनची निवड

देहू आणि आळंदी यांच्या शेजारींच पिंपरी-चिंचवड व चाकण येथील कारखाने उभे आहेत. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढें यंत्रोद्योग वाढला; परंतु कीर्तन-भजनाची गोडी ओसरली नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें शंभरावें मराठी नाट्यसंमेलनही याच नगरांत भरलें. अशा ठिकाणीं मायक्रोफोनची निवड ही केवळ कारागिराची बाब राहात नाहीं. शब्द ऐकूं आला नाहीं, तर निरूपण श्रोत्यांपर्यंत पोंचतच नाहीं.

सर्वांत अधिक ऐकतो तो मायक्रोफोन उत्तम, अशी सामान्य समजूत आहे. रंगमंचावर प्रश्न उलट असतो: त्यानें काय ऐकूं नये? कीर्तनकार पुढें व टाळकरी मागें उभे असतात. मायक्रोफोनचें तोंड कीर्तनकाराकडे, म्हणजेच टाळांकडेही असतें. टाळ ४ फुटांवर व मुख २ इंचांवर असेल, तर टाळ २४ पट दूर राहतात. मुख ८ इंचांवर गेलें, कीं हें प्रमाण ६ पटींवर येतें आणि टाळ शब्दांना झांकूं लागतात. म्हणून येथें जवळून बोलण्याजोगा मायक्रोफोन हवा. फार जवळ गेल्यास खर्ज फुगतो. तो मिश्रणयंत्रावर कमी करावा.

दुसरा विचार दिशेचा. कर्ण्याचा आवाज मायक्रोफोनमध्यें शिरून पुन्हा कर्ण्यांतून बाहेर पडूं लागला, कीं शिटी वाजते. हृदयाकृति ग्रहणक्षेत्राचा मायक्रोफोन पाठीमागचा आवाज फारच थोडा घेतो. गायकासाठीं ठेवलेला कर्णा त्याच्या थेट पाठीशीं असावा. याहून अरुंद क्षेत्राचा प्रकार बाजूंचा आवाज अधिक टाळतो, पण पाठीमागचा किंचित् घेतो. तेथें कर्णा तिरकस ठेवावा लागतो.

तिसरा विचार जातीचा. डायनॅमिक मायक्रोफोनमध्यें पडद्यास जोडलेलें तारेचें वेटोळें चुंबकाच्या क्षेत्रांत हालतें व त्यामुळें वीज निर्माण होते. तो दणकट असतो आणि त्यास बाहेरची वीज लागत नाहीं. शूर कंपनीचा १९६६ सालचा एसएम५८ याच जातीचा. कंडेन्सर मायक्रोफोनचा पडदा अतिशय हलका. त्यास मिश्रणयंत्राकडून बहुधा ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो. तंबोरा, सतार यांचे बारीक नाद तो उत्तम टिपतो. तितक्याच तत्परतेनें मंचावरील पावलांचा आवाजही टिपतो.

तबला-पखवाजाचे आघात डायनॅमिक मायक्रोफोन सहज सोसतो. पेटीजवळ तो भात्याच्या खडखडाटापासून दूर ठेवावा. बासरीच्या फुंकेसमोर कोणताच ठेवूं नये. किंचित् वरून अथवा बाजूनें धरावा.

मायक्रोफोनांची संख्या वाढवणें हा मात्र उपाय नव्हे. चालू मायक्रोफोन दुप्पट झाले, कीं शिटीपूर्वींची मर्यादा सुमारें ३ डेसिबलनें खालीं येते. ज्याचें काम नाहीं, तो बंद ठेवावा.

मंडळाचे पैसे कष्टानें जमतात. ते खर्चण्यापूर्वीं, रिकाम्या दुकानांत नव्हे, तर त्याच सभागृहांत, त्याच साथीसह व कर्णे चालू ठेवून परीक्षा घ्यावी. शेवटच्या रांगेंतील माणसास प्रत्येक शब्द कळला, तर निवड योग्य ठरली.