पलटणीतला पूर्वज आणि टाकलेली आत्या

(घोडेगाव येथे कार्यकर्त्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला सांगितलेला विषय होता 'कागदपत्रे कशी शोधावीत'. पण नुसती यादी सांगितली तर तुम्हाला झोप येईल, म्हणून आमच्या घरचीच हकीगत सांगते.

आमचे गाव भीमाशंकरच्या रानाकडेला. आम्ही महादेव कोळी. पुतणीच्या प्रवेशासाठी जातवैधता हवी होती. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाचा पुरावा मागतात. आमच्याकडे आजोबांच्या पिढीत कुणी शाळेची पायरी चढलेले नाही. तेव्हा घरातले पुरुष एकमुखाने म्हणाले, "आपला पूर्वज पलटणीत होता. सरकारचा शिपाई. सरकारदरबारी त्याचे नाव असणारच." खापरपणजोबांचे वडील ते. शोधायचे काम अर्थातच शिकलेल्या लेकीकडे आले.

ही पलटण खरीच होती. १८५७ साली मुंबई सरकारची फौज उत्तरेत गुंतली, तेव्हा डोंगराचा बंदोबस्त ठेवायला नटॉल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने कोळ्यांचे पायदळ पथक उभे केले. जावजी नाईक बांबळे त्यांचा मुख्य साथीदार. गंमत बघा, राघोजी भांगरेंना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली १८४८ साली. म्हणजे दहा वर्षेही झाली नव्हती, आणि ज्या जमातीच्या बंडाने सरकार हैराण झाले होते तिलाच सरकार कवायत शिकवत होते. १८६१ च्या मार्चमध्ये पथक मोडले. थोडे पोलिसात गेले, बाकीचे पुन्हा शेतीला आणि मजुरीला लागले. गॅझेटियरमध्ये त्यांच्या शिस्तीची, काटकपणाची तारीफ आहे. नटॉलचे नाव आहे, जावजींचे आहे. साध्या शिपायाचे नाव नाही.

पेन्शनीच्या यादीतही तो असणार नाही हे मी घरच्यांना आधीच सांगितले. पेन्शनीला लांब नोकरी लागे. हे पथक चार वर्षांत संपले. आणि समजा हजेरीपट सापडला असता, तरी त्यात लिहिले असते 'कोळी'. नुसते 'कोळी' असले की छाननी समिती विचारते, कुठले कोळी?

आपली भीमा इथून उगवते आणि खाली कोरेगावला जाते. तिथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा स्तंभ आहे. त्यावर शिपायांची नावे कोरलेली आहेत, कितीतरी 'नाक' प्रत्ययाची, महार शिपायांची. तेच महार शिपाई पुढे १८९० नंतर सरकारला नकोसे झाले, भरती बंद झाली. पण दगडावरची नावे राहिली, आणि नावे राहिली म्हणून लोकांना तिथे उभे राहून काही म्हणता आले. आमच्या कोळ्यांच्या पथकाला दगडही नाही.

आमच्या घरात या शिपायाच्या दोन गोष्टी आहेत. पुरुषांच्या गोष्टीत तलवार आहे, साहेबाने पाठ थोपटलेली आहे. आजीची गोष्ट वेगळी, तिने सासऱ्याकडून ऐकलेली. ती म्हणते, "तलवार कुणी पाह्यली? रान गहाण पडलं ते समद्यांनी पाह्यलं." मला आजीची गोष्ट जास्त पटते. पथक मोडल्यावर बारा वर्षांनी, १८७३ मध्ये, याच डोंगरात होनाजी केंगले सावकारांवर तुटून पडले. १८७६ ला पकडले गेले. रान गहाण पडल्याशिवाय माणसे अशी पेटत नाहीत. शिपाई चार वर्षे पहाऱ्यावर होता तेव्हा नाचणी-वरई कुणी पिकवली, सावकाराला तोंड कुणी दिले, हे पुरुषांच्या गोष्टीत येत नाही.

तर पलटणीचा नाद सोडून मी तहसील कचेरीत गेले. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, जन्ममृत्यूची नोंद. जुनी पाने मोडीत असतात. वाचणारा माणूस बरोबर न्यावा. १९१८ ची पाने काढली. तापाच्या साथीचे ते वर्ष. पानामागून पान मृत्यूच्या नोंदी, कारण एकच, 'ताप'. मोडी वाचणारे गृहस्थही मध्येच थांबले.

त्या पानांत बायका कशा असतात? नावापुढे 'कोम' आणि नवऱ्याचे नाव. कोम म्हणजे अमक्याची बायको. पण एका बाईच्या नावापुढे नवरा नव्हता, बाप होता. बापाचे नाव आमच्या शिपायाचे. जात स्वच्छ लिहिलेली, महादेव कोळी.

आजीला विचारले. ती म्हणाली, "ती व्हय. नवऱ्यानं टाकलेली. माहेरी ऱ्हायली. भाऊ मेला, मग भावाची पोरं तिनंच वाढवली." त्या पोरांतले एक माझे पणजोबा. मग जुने फेरफार काढले. भावाच्या अज्ञान मुलांच्या नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ती, म्हणून तिचे नाव आहे, नात्याच्या जागी 'आत्या'. जमीन तिची नव्हतीच. पोरे सज्ञान होईपर्यंत सांभाळायची होती. दोन कागद जोडले की शिपायापासून पणजोबांपर्यंत साखळी लागते. तो पलटणीत होता याला कागद नाही. तो होता, याला मात्र आहे, आणि तो त्याच्या टाकलेल्या लेकीमुळे आहे. ती नांदती असती तर तिच्या नावापुढे नवरा असता आणि शिपाई पुसला गेला असता.

पुढचे ऐका. अर्जाबरोबरच्या वंशावळीत आमच्या वडीलधाऱ्यांनी फक्त पुरुष लिहिले होते. मी आत्याची चौकट घातली तर घरातच वाद. "टाकलेल्या बाईचे नाव वर कशाला?" कागद दाखल करताना एका कारकुनानेही विचारले, "आत्या कशी चालेल?" मी म्हटले, नातेवाईक वडिलांच्या बाजूचा हवा ना? बापाची लेक बापाच्या बाजूचीच असते. त्यांनी डोके खाजवले आणि शिक्का मारला. प्रकरण अजून समितीपुढे आहे.

म्हणून माझे सांगणे एवढेच. नकला मागताना माहेरी परतलेल्या, विधवा, टाकलेल्या, लग्न न झालेल्या लेकींच्या नोंदीही मागा. वंशावळ लिहायला बसाल तेव्हा घरातल्या म्हातारीला शेजारी बसवा, आणि ती सांगेल तशी लेकींची नावे चौकटीत घाला. धरणात जुने आंबेगाव बुडाले, माणसे पांगली. ही म्हातारी माणसेही फार दिवस नाहीत.

मोडी वाचणारे गृहस्थ पुढच्या मंगळवारी कचेरीत येणार आहेत. ज्यांना आपापल्या गावची पाने बघायची असतील त्यांनी गावाचे आणि घरातल्या सर्वांत जुन्या माहीत असलेल्या बाईचे नाव जेवणानंतर माझ्याकडे लिहून द्यावे.