तळावरचे दिवस
(जळगाव येथील विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेले भाषण)



बोलण्याचे काम एकाकडे आले असले तरी अनुभव तिघांचा आहे, म्हणून 'आम्ही' असेच म्हणतो. आम्ही भाषणे करणारी माणसे नव्हेत. गेल्या महिन्यात वस्तीतल्या दोन मुलांनी विचारले, "काका, लढाईच्या मुलखात पगार चांगला मिळतो म्हणतात. जावं का?" त्या प्रश्नापायी आज उभे राहिलो.

2010 साली आम्ही अफगाणिस्तानात, कंदाहार विमानतळाच्या लष्करी तळावर होतो. सैनिक म्हणून नव्हे, लाँड्रीत. अमेरिकेचे सैन्य लढते. त्याचे जेवण, कपडे, संडास-सफाई ही कामे ठेकेदार करतो. ठेकेदाराखाली उपठेकेदार, त्याखाली एजंट, आणि त्या साखळीच्या शेवटी आपण. मार्च 2011 मध्ये त्या देशात अमेरिकेचे सुमारे 1 लाख सैनिक होते आणि कंत्राटी माणसे सुमारे 90 हजार. त्यांतली बरीच अफगाणी. बाकीच्यांत नेपाळी, फिलिपिनो आणि आपण. आमच्यासारख्यांना 'टीसीएन' म्हणत, म्हणजे तिसऱ्याच देशाचा माणूस.

जाताना काम दुबईचे सांगितले होते. मुंबईच्या एजंटाला प्रत्येकी दीड लाख दिले. एकाने शेत गहाण टाकले, एकाने आईची पोत मोडली. दुबईत एका खोलीत बावीस जण ठेवले. अकराव्या दिवशी दुसराच कागद पुढे आला. त्यावर कंदाहार लिहिलेले आणि पगार ठरल्याच्या निम्मा. इकडे व्याज चालू होते. सह्या केल्या. आम्ही बारावी झालेले. दहावीच्या पुढे शिकलेल्याच्या पासपोर्टाला परदेशी कामासाठी सरकारी तपासणी लागत नाही, त्यामुळे निघताना कुणी काही विचारलेच नाही. शिक्षणाने मिळालेली सवलत अशी अंगावर आली. तळावर पोहोचताच पासपोर्ट कंपनीच्या माणसाने काढून घेतले.

पहिला आठवडा झोप नाही. डोक्यावरून रात्रंदिवस विमाने, आणि सांडपाण्याच्या मोठ्या तळ्याचा वास. ऊन मात्र ओळखीचे, आपल्या मे महिन्यासारखे. थंडी ओळखीची नव्हती. काम बारा तास, आठवड्याचे सातही दिवस. सैनिक पिशवी आणून देई, कपडे मोजायचे, यादीवर सही घ्यायची, नंबर बांधायचा, धुवायचे, वाळवायचे, घडी घालायची. खिशांतून चिठ्ठ्या, मुलांचे फोटो, कधी जिवंत काडतूसही निघे. एक मोजा हरवला तरी तक्रार!

रॉकेटचा भोंगा झाला की जागीच पालथे पडायचे, मग काँक्रीटच्या आडोशाला जायचे. पहिल्या वेळी आमच्यातला एकजण रडला. महिन्याभरात हातातली चड्डी घडी करून ठेवूनच पालथे पडू लागलो. हसू नका, माणूस कशालाही सरावतो, आणि तेच आम्हांला आज भयंकर वाटते. पातळ डाळ आणि भात यांचाही सराव झाला. एका नेपाळी मित्राने मिरच्या मिळवल्या, लसूण कुठून आणला ते त्याने सांगितले नाही. जेवणाच्या ताटाखाली तो ठेचा रगडला, त्या दिवशी कंटेनरची खोली घरासारखी वाटली.

घरी मात्र दुबईतच आहोत असे सांगत होतो. एकदा फोन चालू असताना भोंगा झाला. आई म्हणाली, "हे काय रे वाजतंय?" म्हटले, "आई, वरणगावला फॅक्टरीचा भोंगा होतो ना, तसाच." ती वरणगावातच राहिलेली. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "इतका वेळ नाही वाजत तो."

एक गोष्ट परत आल्यावर कळली. त्याच कंदाहारात, शहराच्या पश्चिमेच्या टेकडीवर, सम्राट अशोकाचा ग्रीक आणि अरामी भाषांतला शिलालेख 1958 साली सापडला. राजाने आणि त्याच्या शिकाऱ्यांनी शिकार सोडली, असे त्यात लिहिले आहे. आम्ही चौदा महिने तिथे होतो, फाटकाबाहेर एकदाही पाऊल पडले नाही. कुणी सांगितले असते तरी जाता आले नसतेच.

2011 मध्ये एक रॉकेट लाँड्रीच्या जवळ पडले. आमच्यातल्या तिसऱ्याच्या डाव्या कानातून रक्त आले. दवाखान्यात थेंब दिले, दोन दिवस सुटी दिली, करार संपल्यावर घरी पाठवले. अमेरिकेचा 1941 चा डिफेन्स बेस अ‍ॅक्ट नावाचा कायदा आहे. अशा तळावर जखमी झालेल्या परदेशी कामगारालाही त्याखाली भरपाई मिळते. मृत्यू झाल्यास विधवेलाही. पण इजेची सूचना 30 दिवसांत आणि दावा एक वर्षात करावा लागतो. आम्हांला हे कळले 2014 मध्ये. तो आज पहिल्या रांगेत बसला आहे, उजवा कान आमच्याकडे करून.

कामगाराकडून भरतीचे पैसे घेणे आणि पासपोर्ट अडकवून ठेवणे यांवर अमेरिकेने सप्टेंबर 2012 च्या आदेशाने आपल्या सरकारी ठेकेदारांना बंदी घातली. तोवर आम्ही परतलो होतो. आता ते तळही नाहीत, 2021 मध्ये अमेरिकी सैन्य तिथून निघून गेले. पण लढाया संपलेल्या नाहीत. मदतनिसाची नोकरी म्हणून रशियात नेलेले काही भारतीय तरुण युद्धभूमीवर पोहोचल्याचे 2024 मध्ये उघड झाले.

जाऊ नका असे आम्ही म्हणणार नाही. त्या पैशांतून एकाचे शेत सुटले, एकाच्या बहिणीचे लग्न झाले. पण एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी आहे का, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. देशाचे, कंपनीचे आणि कामाचे नाव इथेच, जाण्यापूर्वी, कागदावर हवे. त्याची एक प्रत घरी ठेवा आणि कुठे चाललो ते आईला खरे सांगा.

त्या दोन मुलांचे कागद आम्ही काल पाहिले. पगार लिहिलेला आहे. देशाच्या नावाची जागा कोरी आहे. शिबिर संपल्यावर दोघांनी थांबावे, एजंटाला इथूनच फोन लावू.

जयभीम.